सावद्याची केळी, तीन लॉग आणि एक ब्लॉकचेन

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडच्या एका पॅकहाऊसमधून एक्सपोर्टच्या केळीचा चाळीस फुटी रीफर, म्हणजे आत थंड ठेवणारा, कंटेनर निघाला, न्हावाशेवाला जहाजावर चढला, आखातात उतरला आणि तिथल्या पार्टीने फोटो पाठवले, बऱ्याच खोक्यांमध्ये माल पिवळा. एक्सपोर्टची केळी हिरवीगार उतरली पाहिजे, तिकडे चेंबरमध्ये ते त्यांच्या हिशोबाने पिकवतात, वाटेतच पिकायला लागली म्हणजे तो माल गेला. क्लेम आला आणि मग नेहमीचं सुरू झालं. पॅकहाऊसवाले नाना म्हणे ड्रायव्हरने डिझेल वाचवायला रस्त्यात जेनसेट, म्हणजे कुलिंगचा जनरेटर, बंद केला, ट्रान्सपोर्टवाले शेठ म्हणे माल भरतानाच गरम होता, आणि शेतकरी मधल्यामध्ये, कारण क्लेम मिटेपर्यंत त्यांचं शेवटचं पेमेंट अडकलेलं. मी यात टेक्निकल बाजू बघायला होतो, नावं कोणाचीच देत नाही, पण रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात केळीच्या धंद्यात असलेल्या कोणालाही हे भांडण ओळखीचं वाटेल.

थोडं बॅकग्राउंड, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अशा कंटेनरमध्ये साधारण २० टन केळी बसते, फण्या करून, धुवून, खोक्यांमध्ये. टेंपरेचर १३ ते १४ डिग्री ठेवायचं. वर गेलं की पिकायला लागते आणि एक घड पिकला की त्याच्यातून निघणारा इथिलीन गॅस शेजारच्यांना पण पिकवतो, आणि खाली गेलं तर थंडीचा चरका, साल आतून तपकिरी पडते आणि मग ती केळी धड पिकतच नाही. जानेवारीत बागेत चरका बसतो तो इथल्या लहान पोराला पण माहिती आहे, कंटेनरमध्ये तोच प्रकार मशीनच्या चुकीने होतो. रस्ता सावदा, जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट करत न्हावाशेवा, आणि या सगळ्या रस्त्यात कंटेनरच्या कुलिंगला वीज मिळते ती ट्रेलरला लावलेल्या जेनसेटमधून. जेनसेट बंद म्हणजे कुलिंग बंद. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ वर असतो तेव्हा दोन-तीन तास बंद ठेवलं तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता मजा अशी की पुरावे नव्हते असं नाही, पुरावे तीन होते. एक, कंटेनरच्या कंट्रोलरचा स्वतःचा लॉग, तो शिपिंग लाइनकडे. दोन, ट्रकला लावलेल्या जीपीएस ट्रॅकरचा डेटा, लोकेशन आणि जेनसेट चालू-बंद, तो ट्रान्सपोर्टरच्या पोर्टलवर. तीन, पॅकहाऊसचा कागद, त्यावर माल भरताना प्रोब खुपसून घेतलेलं गराचं टेंपरेचर, हाताने लिहिलेलं. तिन्ही एकमेकांशी जुळेनात. त्यातला एक घोळ तर पहिल्या मिटिंगमध्येच सुटला, कंट्रोलरचं घड्याळ जीएमटीवर होतं आणि ट्रॅकरचं आपल्या टायमावर, म्हणजे साडेपाच तासाचा फरक, आणि त्या फरकावर दोन्ही बाजूंनी तोवर चांगली शिवीगाळ करून झाली होती. बाकीचं मात्र सुटेना. शेठच्या पोर्टलवर जेनसेट पूर्ण वेळ चालू दिसतोय, नाना म्हणतात पोर्टल तुमचं, ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे, काय पण दाखवाल. शेठ म्हणतात तुमच्या कागदावर सगळीकडे १४ लिहिलंय, एकाच पेनाने एकाच अक्षरात, मग ते पण कोणीतरी बसून भरलंय. दोघांचं म्हणणं बिनचूक होतं, म्हणूनच अडकलं.

इथे ब्लॉकचेनची एंट्री झाली, म्हणजे सगळ्यांकडे प्रत असलेली आणि मागचं गुपचूप बदलता न येणारी डिजिटल खातेवही. एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस प्रेझेंटेशन घेऊन आला, त्यात स्लाइडवर ट्रक एकमेकांशी बोलतायत, घाटात पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागच्या गाडीला ब्लॉकचेनवरून कळतंय, टोल आपोआप, दंड आपोआप, सगळं आपोआप. आप्पा, जे शेतकरी कंपनीच्या वतीने बसले होते, त्यांनी शांतपणे विचारलं, "यात माझी केळी कुठे आहे?"

प्रश्न एकदम बरोबर होता, पण त्या स्लाइडबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत कारण कनेक्टेड गाड्या आणि ब्लॉकचेन म्हटलं की हीच स्लाइड सगळीकडे फिरते. गाड्या एकमेकांना सेफ्टीचे मेसेज पाठवतात ते तंत्रज्ञान खरंच आहे, ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा ओरडून सांगत असते. बिटकॉइनच्या ब्लॉकचेनमध्ये एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचा एक गठ्ठा, सरासरी १० मिनिटांनी बनतो. ऐंशीच्या स्पीडने ट्रक तेवढ्यात १३ किलोमीटर पुढे जातो. इथेरियम या दुसऱ्या चेनमध्ये १२ सेकंदांना ब्लॉक, तरी २६५-२७० मीटर झाले, ब्रेकचा निरोप मिळेपर्यंत मागचा ट्रक पुढच्याच्या हौद्यात. म्हणून त्या मेसेजसाठी ब्लॉकचेन कोणी वापरत नाही, तिथे प्रत्येक मेसेजवर डिजिटल सही असते, सर्टिफिकेट मागच्या गाडीत तिथल्या तिथे तपासलं जातं आणि ते सर्टिफिकेट पण ठराविक वेळाने बदलतात म्हणजे कोणी गाडीचा माग काढू नये. ब्लॉकचेनला घाई जमत नाही. तिला जमतं ते हे की एकमेकांवर भरवसा नसलेल्या चार लोकांकडे एकच खातेवही असावी, प्रत्येकाच्या घरी तिची प्रत, आणि कोणी आपल्या प्रतीत मागचं पान खोडलं तर बाकीच्यांना लगेच दिसावं.

आणि आमच्याकडे नेमकं तेच होतं, चार पार्ट्या आणि भरवसा शून्य.

साधा डेटाबेस का नको हे पण मी विचारलं, कारण विचारायलाच पाहिजे, निम्म्या ठिकाणी तेवढ्यात भागतं. पण डेटाबेस कोणाच्या सर्व्हरवर, इथे गाडी अडली. नानांच्या सर्व्हरला शेठ नाही म्हणाले, शेठच्या सर्व्हरला नाना, आणि तिसऱ्या तटस्थ माणसाला दर गाडीमागे फी द्यायला कोणीच तयार नाही. मग ठरलं की बाहेरची पब्लिक चेन नको, कॉइन-बिइन काही नको, हायपरलेजर फॅब्रिक वापरायचं. हे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, यात मायनिंग, म्हणजे नोंद पक्की करायला कॉम्प्युटरची शर्यत, नसतं, आत कोण आहे हे आधीच माहिती असतं, प्रत्येक संस्थेचं आपलं सर्टिफिकेट. चार नोड, म्हणजे खातेवहीची प्रत ठेवणारी मशीन: पॅकहाऊस, ट्रान्सपोर्टर, शेतकरी कंपनी आणि इन्शुरन्सच्या बाजूने नुकसान तपासणारा सर्व्हेअर. नियम असा की चारपैकी तिघांच्या नोडची सही झाल्याशिवाय नोंद पक्की होणार नाही.

ट्रॅकरमध्ये केलेला बदल मात्र माझ्या मते ब्लॉकचेनपेक्षा महत्त्वाचा. जुना ट्रॅकर नुसता आकडे पाठवायचा, वाटेत किंवा सर्व्हरवर कोणीही बदलू शकलं असतं. नवीन ट्रॅकरमध्ये एक वेगळी सुरक्षित चिप, तिच्यात प्रायव्हेट की, म्हणजे डिजिटल सही करायची गुप्त चावी, ती की चिपच्या बाहेर निघत नाही, आणि दर मिनिटाचं रीडिंग, म्हणजे टेंपरेचर, जागा, जेनसेटची स्थिती आणि दरवाजा, हे सगळं सही होऊनच बाहेर पडतं. प्रत्येक रीडिंगला एक अनुक्रमांक आणि आधीच्या रीडिंगचा हॅश, म्हणजे डेटावरून काढलेला ठसा, डेटा जरा बदलला की तो पण बदलतो. का, तर रस्त्यात रेंज जाते, घाटात तर जातेच, तेव्हा ट्रॅकर आकडे साठवून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो, आणि मधलं काही गाळलं तर नंबरमध्ये खड्डा दिसतो, ४१२ नंतर एकदम ४३१ आला तर १८ मिनिटं कुठे गेली हे कोणाला तरी सांगावं लागतं.

मग चेनवर काय टाकलं? जवळपास काहीच नाही. १६ तासांचा प्रवास धरला तर मिनिटाला एक याप्रमाणे ९६० रीडिंग, ती सगळी बाहेरच्या साध्या स्टोरेजमध्ये, त्यांचं मर्कल ट्री करून, म्हणजे हॅशच्या जोड्या जोडत जोडत, वरचा एकच हॅश, ३२ बाइट, तेवढाच चेनवर. त्यातलं एखादं रीडिंग नंतर कोणी ०.१ ने जरी बदललं तरी वरचा हॅश जुळत नाही. असं करण्यामागे जागेपेक्षा ड्रायव्हरचं कारण मोठं होतं. तो कुठे थांबला, किती वेळ थांबला हा त्याचा खाजगी डेटा आहे, २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात माणसाला आपला डेटा पुसून मागायचा हक्क दिलाय, आणि ब्लॉकचेनवर एकदा लिहिलेलं पुसता येत नाही हेच तर तिचं काम. मग पुसायचं काय? म्हणून माणसाचं काही आत टाकायचंच नाही. आणि हॅशचा कोर्टात पण उपयोग आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ चं जे सर्टिफिकेट लागतं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच दिलेली आहे.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवरून, म्हणजे चेनवर आपोआप चालणाऱ्या करारावरून, चांगलीच वाजली. सॉफ्टवेअरवाल्याचं म्हणणं, टेंपरेचर अर्धा तास १५ च्या वर गेलं की भाड्यातून आपोआप कट. नाना खूश. शेठकडचा एक जुना रीफर मेकॅनिक कोपऱ्यात बसला होता, तो म्हणाला, "साहेब, मशीन डिफ्रॉस्ट मारू राहिलं तेव्हा पण कट लावता का?" रीफर ठराविक वेळाने आपल्या कॉइलवरचा बर्फ वितळवतो, तेवढा वेळ कुलिंग थांबतं आणि हवेचा सेन्सर वर चढलेला दिसतो, मालाला मात्र काही होत नाही. म्हणजे काही गडबड नसताना सुद्धा प्रत्येक ट्रिपला दंड बसला असता, तो पण असा की चारपैकी तिघांची सही असल्याशिवाय मागे घेता येत नाही. ते कलमच काढून टाकलं. आता कॉन्ट्रॅक्ट फक्त "तपासा" असा झेंडा लावतं, पैशाचं माणसं बसून ठरवतात. मला विचाराल तर चेनने पैसे कापू नयेत, निदान केळीत तरी.

पायलटमध्ये, म्हणजे थोड्या गाड्यांवर करून बघितलं त्यात, काय निघालं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ड्रायव्हर. जेनसेट बंद केल्याच्या नोंदी सापडल्या, नाही असं नाही, मालेगावच्या पुढे एका गाडीत दीड तासाची सापडली आणि ड्रायव्हरने ते मान्य पण केलं, डिझेलचे पैसे ठराविक मिळतात आणि उरलेलं त्याचं, मग तो वाचवणारच. पण अशा गाड्या नाना म्हणत होते तेवढ्या निघाल्या नाहीत. जास्त गाड्यांमध्ये वेगळंच चित्र होतं, गाडी निघाल्यापासून जेनसेट सतत चालू आणि तरी आतल्या परतीच्या, म्हणजे मालावरून फिरून मशीनकडे येणाऱ्या, हवेचं टेंपरेचर धुळ्यापर्यंत २० च्या खाली यायला तयार नाही. याचा अर्थ माल गरमच भरला गेला होता. रीफर कंटेनर हा थंड माल थंड ठेवायला बनवलेला असतो, गरम माल थंड करायची ताकद त्याच्यात फार नसते, ते काम पॅकहाऊसच्या प्रीकुलिंग रूमचं. आणि मे महिन्यात लाइट गेली, गाडी बाहेर उभी, जहाजाची कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवायची शेवटची, वेळ डोक्यावर, मग प्रीकुलिंगचे तास कापले जातात. कागदावर मात्र १४.

नाना तेव्हा जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. पण त्यांनी सिस्टीम बंद करायचा प्रयत्न केला नाही, आणि केला असता तरी एकट्याने जुनं पुसता आलं नसतं.

दुसरं, बनवाबनवी थांबत नाही, जागा बदलते. टेंपरेचरचा सेन्सर ब्लोअरच्या तोंडासमोर बांधला की तो कायम १३ दाखवतो, माल काही का असेना. एका गाडीचा ट्रॅकर काढून दुसऱ्या गाडीत झिपटायने बांधलेला सापडला, सही एकदम खरी, की खरी, फक्त गाडी दुसरीच. ब्लॉकचेन या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहून ठेवते आणि कायमच्या जपून ठेवते. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने हातगाडीत ९९ चालू फोन टाकून रिकाम्या रस्त्यावरून फेरफटका मारला आणि गुगल मॅपने तिथे ट्रॅफिक जाम दाखवला, ते आठवा. फोन खरे, डेटा खरा, जाम खोटा. त्या फोनच्या डेटाला ब्लॉकचेन लावली असती तरी जाम लालच दिसला असता. म्हणून आमच्याकडे भरताना एक साधी पद्धत लावली: कंटेनरच्या दाराला लावलेल्या बॉटल सीलचा नंबर, कंटेनर नंबर आणि गाडीची नंबरप्लेट एकाच फोटोत, तो फोटो पॅकहाऊस आणि ड्रायव्हर दोघांच्या फोनवरून मंजूर, आणि त्याचा हॅश ट्रॅकरच्या आयडीला बांधलेला. सेन्सर एकाऐवजी दोन, त्यातला एक प्रोब मधल्या रांगेतल्या खोक्यात, थेट केळीच्या गरात.

तिसरं, नोड सांभाळणं हे गावाकडे खरंच अवघड काम आहे. नोंदींचा क्रम लावणारी तीन मशीन होती, त्यातली दोन चालू असली की काम चालतं, पण त्यातलं एक पॅकहाऊसच्या ऑफिसातला पीसी आणि एक शेतकरी कंपनीच्या ऑफिसातला, आणि दोन्ही ऑफिसं एकाच फीडरवर. लाइट गेली की दोन्ही आडवी, मग तिसऱ्याने एकट्याने काय करायचं, अख्खी चेन थांबली. ती थांबली त्या काळात पोरांनी जुगाड केला, ट्रिपचा वरचा हॅश सरळ चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. हसू नका, यामुळे निम्मं काम होतं, चार जणांकडे एकाच वेळी एकच हॅश पोहोचला म्हणजे कोणाला नंतर बदलता येत नाही. फक्त क्लेम मिटायला महिने जातात, तोपर्यंत फोन बदलतो, ग्रुपमधून माणूस निघून जातो, चॅट क्लिअर होते आणि सहा महिन्यांपूर्वीचा मेसेज कोणाकडे आहे यावरून नवीन भांडण. नंतर मशीन क्लाउडवर नेली, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि प्रत्येकाच्या चाव्या प्रत्येकाकडेच ठेवल्या. एकाच माणसाकडे चारही पासवर्ड असले तर मग ती चेन कसली, तो त्याचाच डेटाबेस झाला, आणि मी बघितलेल्या बऱ्याच ब्लॉकचेन प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच असतं.

राहिला कंटेनरचा लॉग, आणि ही गाठ अजून सुटलेली नाही. तो शिपिंग लाइनकडे, शिपिंग लाइन आमच्या नोडमध्ये यायला तयार नाही, आणि का यावं, त्यांच्यासाठी सावदा म्हणजे दर्यात खसखस. त्यामुळे तो लॉग अजून मेलवर फाइल म्हणून येतो आणि कोणीतरी हाताने अपलोड करतं. यात आम्हीच कमी पडलो असंही नाही. मर्स्क आणि आयबीएम सारख्यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स म्हणून जगभरच्या कंटेनरसाठी ब्लॉकचेनचा प्लॅटफॉर्म काढला होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि कारण टेक्नॉलॉजीचं दिलं नव्हतं, सगळी इंडस्ट्री एकत्र आली नाही हे दिलं होतं. गाड्यांच्या बाजूला पण तसंच आहे, बीएमडब्ल्यू, फोर्ड, जीएम, रेनो यांनी २०१८ मध्येच मोबी नावाचा गट केला, गाडीची डिजिटल ओळख वगैरे स्टँडर्ड काढली, पण आमच्या धुळ्याच्या अड्ड्यावरच्या ट्रेलरपर्यंत त्यातलं काही आलेलं नाही.

मे महिन्याचा तो मूळ क्लेम, ज्याच्यावरून हे सगळं झालं, तो या सिस्टीमने सुटला नाही, कारण तेव्हा सिस्टीमच नव्हती. चौघांनी बसून नुकसान वाटून घेतलं आणि शेतकऱ्यांचं पेमेंट उशिरा का होईना सुटलं.

आता एक नवीनच गोष्ट निघाली आहे. शेठच्या लक्षात आलं की याच नोंदींत त्यांची गाडी पॅकहाऊसच्या गेटवर किती तास उभी होती ते पण सहीनिशी लिहिलेलं आहे. त्यांनी हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं, बिल लावलं. ड्रायव्हर लोकांना आधी हा ट्रॅकर म्हणजे आपल्यावर पाळत वाटायची, आता तेच भरताना विचारतात, "फोटो चढला का नाना?" नानांनी हॉल्टिंग तत्त्वतः मान्य केलंय, रेट ठरायचा आहे. आणि आप्पांनी चौथ्या नोडचं सर्व्हर बिल भरायला एका अटीवर होकार दिलाय, की भरताना गराचं टेंपरेचर घेताना शेतकरी कंपनीचा माणूस शेजारी उभा असेल, आणि तो प्रोब दर आठवड्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघून, तो आकडा पण चेनवर चढवायचा.